खरे उत्तर कोण देईल?
विद्यार्थ्यांच्या व्यसन-पाहण्यांचा इतिहास आणि आपली शाळा

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये एखाद्याचे घर शोधायचे असेल तर नुसते नाव सांगून भागत नाही; बॅरेक नंबर आणि खोली नंबर सांगावा लागतो. हे आकडे या गावाच्या जन्मापासूनचे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे या छावणीच्या बराकींमध्ये उतरवण्यात आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. छावणीचे पाच भाग होते, ते पाच 'कॅम्प' म्हणून आजही ओळखले जातात. निर्वासितांची मोजणी त्या काळी नावानिशीच करावी लागली. कोणत्या कुटुंबाला किती शिधा द्यायचा, कोणती खोली द्यायची हे ठरवायचे तर नाव, वय, माणसे यांची नोंद हवीच. नाव राहिले तर शिधाही राहिला.

आता याच कॅम्प ५ मधील एखाद्या शाळेत वेगळ्या मोजणीची कल्पना करू या. आठवी-नववीतील किती मुले गुटखा खातात? किती जणांनी दारू किंवा गांजा चाखला आहे? किती जणांना रात्र रात्र झोप येत नाही, किती जणांच्या मनात जगणे नकोसे झाल्याचा विचार येऊन गेला आहे? या मोजणीत कागदावर नाव आले की खरे उत्तर गेलेच. म्हणजे मोजणी दोन प्रकारची असते. एक नावाशिवाय होत नाही आणि दुसरी नाव असले तर होत नाही. हा फरक आज साधा वाटतो, पण तो कळायला बराच काळ जावा लागला. तो कसा कळत गेला आणि त्यातून आपण शिक्षकांनी काय घ्यावे, हे आम्ही या लेखात मांडणार आहोत.

पोलिसाने भरलेला रकाना

आपल्या देशात नशेविषयी पद्धतशीर चौकशी झाली ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी. गांजा आणि भांग यांमुळे माणसे वेडी होतात, असा बोलबाला इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत पोचला होता. म्हणून सरकारने १८९३ मध्ये सात सदस्यांचा एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने मुंबई इलाख्यासह देशभर फिरून ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले.

या आयोगाचे सर्वांत शिकण्यासारखे काम मात्र साक्षींचे नव्हे, तर कागद तपासण्याचे होते. त्या काळच्या भाषेत ज्यांना 'वेड्यांची इस्पितळे' म्हणत, तेथील नोंदवहीत 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे. १८९२ या वर्षी दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांपुढे गांजा-भांग हे कारण लिहिलेले होते. आयोगाने यातील एकेक प्रकरण उलगडून पाहिले, तेव्हा गांजाशी संबंध लावता येईल अशी प्रकरणे ९८ च उरली आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली होती.

मग बाकीच्यांपुढे ते कारण कोणी लिहिले? बहुतेक वेळा रुग्णाला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या किंवा मॅजिस्ट्रेटच्या कागदावरून ते उतरवले गेले होते. रकाना रिकामा ठेवायचा नाही, रुग्णाची माहिती नाही, मग 'गांजा ओढतो' असे लिहून मोकळे व्हायचे. पुढे याच नोंदींची बेरीज होई आणि तिला आकडेवारी म्हणत.

शाळेतही असे रकाने असतात. 'मुलगा बिघडला आहे', 'संगत वाईट आहे' असे शेरे आपण लिहितो, तेव्हा मुलाला काही विचारलेले असते का? आयोगाचा पहिला धडा असा, की माणसाविषयीची माहिती त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्याकडून घेतली तर ती पहाऱ्याची माहिती असते, माणसाची नव्हे.

मुलांनाच विचारायला सुरुवात

तरुणांना स्वतःविषयी थेट विचारण्याची रीत रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९७५ मध्ये बारावीच्या विद्यार्थ्यांची वार्षिक पाहणी सुरू केली. १९९१ पासून आठवी आणि दहावीही तिच्यात आली. या पाहणीची खुबी अशी, की तेच प्रश्न त्याच शब्दांत दरवर्षी विचारले जातात. शिवाय 'तू घेतोस का?' एवढेच न विचारता 'हे घेण्यात किती धोका आहे असे तुला वाटते?' हेही विचारले जाते. यातून एक गोष्ट दिसली. १९८० च्या सुमारास गांजात धोका आहे असे मानणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढू लागले आणि त्याबरोबर गांजा ओढणाऱ्यांचे प्रमाण उतरत गेले. नुसती मोजणी केली असती तर हा संबंध हाती लागला नसता.

भारतात केंद्र सरकारने १९७६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख डॉ. सी. गोपालन यांच्या अध्यक्षतेखाली व्यसनाधीनतेविषयी समिती नेमली. तिचा अहवाल १९७७ मध्ये आला. त्याच सुमारास मुंबईसह काही विद्यापीठांच्या शहरांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहण्या झाल्या आणि १९८६ मध्ये त्या पुन्हा करण्यात आल्या. वर्तमानपत्रांत चर्चा होती ती परदेशी 'हिप्पी' नशांची. पाहण्यांत वरच्या क्रमांकावर दिसली ती तंबाखू, दारू आणि वेदनाशामक गोळ्या. घरात, टपरीवर आणि औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या वस्तूच पुढे होत्या.

याच दशकात मुंबईत 'गर्द' म्हणजे ब्राऊन शुगर पसरली. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांच्या या कामाला पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीचा आधार मिळाला होता.

गर्दच्या विळख्यात सापडलेला मुलगा वर्गात फार दिवस टिकत नाही. त्यामुळे वर्गात वाटलेली प्रश्नावली त्याच्यापर्यंत पोचतच नाही. वर्गातील पाहणी ही वर्गात हजर असलेल्या मुलांची पाहणी असते. ज्याची सर्वांत जास्त काळजी करायला हवी तो त्या दिवशी गैरहजर असण्याची शक्यताही सर्वांत जास्त. उल्हासनगरसारख्या गावात हे विशेष लक्षात ठेवायला हवे. येथे छोटे कारखाने आणि दुकाने यांची दाटी आहे आणि शाळा मध्येच सोडून कामाला लागणे मुलांना अवघड जात नाही.

मुले खोटे बोलत असतील तर?

शिक्षकांची पहिली शंका हीच असते आणि ती रास्त आहे. पाहणी करणाऱ्यांनी तिच्यावर काही नामी युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती बढाईखोरांसाठी. युरोपातील देश १९९५ पासून १५-१६ वर्षांच्या विद्यार्थ्यांची एक सामाईक पाहणी करतात. तिच्या प्रश्नावलीत इतर नशांच्या यादीत 'रेलेव्हिन' असे एक नाव घातलेले असे. या नावाची नशा जगात नाही. ती घेतल्याचे जो सांगेल त्याच्या बाकीच्या उत्तरांकडेही जरा सावधपणे पाहायचे. असे बहाद्दर फार थोडे निघतात, हा दिलासाही यातूनच मिळाला.

दुसरी युक्ती लाजणाऱ्यांसाठी. २००६-०७ मध्ये मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांतील तरुणांची मोठी पाहणी केली. विवाहापूर्वीच्या संबंधांविषयी समोरासमोर उत्तर देणे कठीण. म्हणून मुलाखतीच्या शेवटी एक कार्ड दिले जाई. त्यावर खूण करून ते पाकिटात घालायचे आणि पाकीट बंद करून परत द्यायचे. मुलाखत घेणाऱ्यालाही आत काय आहे ते कळत नसे.

तिसरी युक्ती गणिताची आहे आणि ती वर्गात करून पाहण्याजोगी आहे. स्टॅन्ले वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये तिची मूळ कल्पना मांडली. तिचे सोपे रूप असे: प्रत्येक मुलाने कोणाला न दाखवता एक नाणे उडवायचे. छापा आला तर काहीही असो, कागदावर 'होय' लिहायचे. काटा आला तर मात्र प्रश्नाचे खरे उत्तर लिहायचे. प्रश्न साधाच घ्यावा. उदाहरणार्थ, 'गेल्या आठवड्यात दुसऱ्याचा गृहपाठ पाहून लिहिला का?'

समजा २०० मुलांच्या कागदांपैकी १३० वर 'होय' आले. साधारण १०० मुलांना छापा पडला असणार, म्हणून त्यांचे १०० 'होय' बाजूला काढा. उरले ३०. ते काटा पडलेल्या १०० मुलांचे खरे 'होय'. म्हणजे प्रमाण सुमारे ३० टक्के. गंमत अशी, की प्रमाण कळले, पण कोणत्याही एका मुलाच्या 'होय'चा अर्थ काय हे मुख्याध्यापकांनाच काय, ब्रह्मदेवालाही त्या कागदावरून सांगता येणार नाही. मात्र या गुप्ततेची किंमत मोजावी लागते. नाणी बरोबर निम्मी-निम्मी पडतीलच असे नाही; २०० मुलांतही उत्तर सहा-सात टक्के सहज वर-खाली होऊ शकते आणि एका वर्गापुरते केले तर त्याहून बरेच जास्त. संभाव्यतेचा पाठ शिकवताना याहून जिवंत उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

विचारले तर मनात येईल का?

दुसरी शंका याहून गंभीर आहे. आत्महत्येविषयी विचारले तर ज्याच्या मनात ते नव्हते त्याच्या मनात येईल, असे पालकांना वाटते, आपल्यालाही वाटते. याची परीक्षा झालेली आहे. मॅडलिन गुल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील सहा माध्यमिक शाळांतील २३४२ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकावे तसे मुलांचे दोन गट पाडले. एका गटाच्या पहिल्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयीचे प्रश्न होते, दुसऱ्याच्या नव्हते. नंतर दोन्ही गटांची मनःस्थिती तपासली. ज्यांना विचारले होते त्यांची अस्वस्थता अधिक नव्हती, तसे विचारही अधिक नव्हते. आधीच खिन्न असलेल्या मुलांचेही विचारल्याने नुकसान झाले नाही.

म्हणून कसेही विचारले तरी चालेल असे मात्र नाही. त्या प्रयोगात पुढची मदत तयार होती. विचारून झाल्यावर मूल एकटे पडणार असेल, तर न विचारलेले बरे.

आकडा वाचायचा कसा?

तंबाखूविषयी शाळांतील जागतिक पाहणी १९९९ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांतच भारतभर पोचली. तिच्यात मुले स्वतःच उत्तरपत्रिका भरतात आणि नाव लिहीत नाहीत. २००९ च्या पाहणीत १३ ते १५ वर्षांची १४.६ टक्के मुले तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरत होती. २०१९ च्या पाहणीत हे प्रमाण ८.५ टक्के होते. मधल्या काळात, २०१२ मध्ये, महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये हा कायदा तर २००३ चा. घट नेमकी कशामुळे झाली हे पाहणी सांगत नाही. पण तेच प्रश्न पुन्हा विचारले म्हणून घट झाली एवढे तरी कळले.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. २०१३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगासाठी दिल्लीच्या 'एम्स'मधील तज्ज्ञांनी १३५ शहरांतील ४०२४ मुलांचा अभ्यास केला. त्यात ८३.२ टक्के मुले तंबाखू आणि ३४.७ टक्के मुले व्हाइटनर, सोल्यूशन यांसारखी हुंगायची द्रव्ये वापरणारी आढळली. 'देशातील ८३ टक्के मुले तंबाखूच्या आहारी' असा मथळा यावरून करता येईल आणि तो साफ चुकीचा ठरेल. कारण या अभ्यासात मुळात नशा करणारी मुलेच निवडली होती. ती काय घेतात, कोठे राहतात, शाळेत जातात का हे जाणणे हा हेतू होता. किती मुले नशा करतात याचे उत्तर त्या अभ्यासात नव्हतेच. आकडा सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा तो असा: 'शंभर टक्के म्हणजे कोण?'

हुंगण्याच्या द्रव्यांविषयी देशव्यापी घरोघर पाहणी २०१८ मध्ये झाली. तिच्यात १० ते १७ वर्षांच्या मुलांतील प्रमाण १.१७ टक्के, तर मोठ्यांतील ०.५८ टक्के आढळले. मुलांमध्ये प्रमाण मोठ्यांहून जास्त आहे अशी ही एकच नशा. ती मिळते स्टेशनरीच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात.

शाळकरी मुलांची 'एम्स'च्या तज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईसह दहा शहरांतील ५९२० विद्यार्थी तिच्यात होते. तंबाखू आणि दारू धरून कोणती तरी नशा एकदा तरी केल्याचे १५.१ टक्के मुलांनी सांगितले आणि सुरुवातीचे सरासरी वय १२.९ वर्षे निघाले, म्हणजे सातवी-आठवी. असे काही करत असलो तरी सांगणार नाही, असे म्हणणारी मुलेही तिच्यात बरीच होती. तेव्हा खरा आकडा याहून मोठा असावा, असे मानायला जागा आहे.

मनाच्या आरोग्याविषयी 'एनसीईआरटी'ने २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना विचारले. नाव लिहिणे ऐच्छिक होते. अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे काळजीचे कारण असल्याचे ८१ टक्के मुलांनी सांगितले. या उत्तराचा एक टोक आपल्या टेबलापाशी येऊन पोचते, हे मान्य करायला हवे.

आपल्या शाळेत करायचे झाले तर

समजा कॅम्प ५ मधील चार शाळांनी मिळून अशी पाहणी करायचे ठरवले. या इतिहासातून त्यांना काय घेता येईल?

पहिली गोष्ट, नाव काढले म्हणजे कागद निनावी झाला असे नाही. वय, इयत्ता, माध्यम, मातृभाषा आणि बॅरेक नंबर लिहायला लावला तर चाळीसच्या वर्गात मूल लगेच ओळखता येते. सिंधी बोलणारी पंधरा वर्षांची मुलगी वर्गात एकच असेल, तर तिने नाव लिहिले काय आणि न लिहिले काय! म्हणून अशी माहिती कमीत कमी मागावी. उत्तरे वाक्यांत नकोत, खुणेने हवीत. हस्ताक्षर आपण शिक्षक लांबूनही ओळखतो. कागद मुलाने स्वतः बंद पेटीत टाकावा. वर्गशिक्षकांनी त्या वेळी वर्गात फिरू नये. निकाल वर्गवार नव्हे, चारही शाळांचा मिळून काढावा.

दुसरी गोष्ट भाषेची. 'तुम्ही तंबाखूचे सेवन करता का?' या प्रश्नाला आजीबरोबर रोज सकाळी मशेरी लावणारी मुलगी प्रामाणिकपणे 'नाही' लिहील. तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासणे. गुटखा, मावा, खैनी, मशेरी, बिडी असे एकेक नाव घेऊनच विचारावे लागते. उल्हासनगरात मराठी, हिंदी, सिंधी अशा भाषा एका वर्गात नांदतात. तेथे प्रश्न आधी पाच-सहा मुलांकडून वाचून घ्यावेत आणि त्यांना काय कळले ते विचारावे.

तिसरी गोष्ट संमतीची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन मुलांवरील संशोधनाला पालकांची संमती लागते आणि खुद्द मुलाचा होकारही. 'नको' म्हणणाऱ्या मुलाला कारण विचारू नये; कोरा कागद पेटीत टाकण्याची मुभा सर्वांनाच असावी, म्हणजे 'नको' म्हणणाराही वेगळा दिसत नाही.

चौथी गोष्ट मदतीची. प्रश्नावलीच्या शेवटी मुलाने फाडून जवळ ठेवायचा भाग असावा आणि त्यावर दूरध्वनी क्रमांक असावेत: मनाच्या त्रासासाठी 'टेलीमानस' १४४१६, मुलांच्या मदतीसाठी १०९८, व्यसनमुक्तीसाठी १४४४६. एखादे मूल आपणहून येऊन बोलले तर तो पाहणीचा भाग उरत नाही; तेथून पुढे आपण त्या मुलाचे शिक्षक असतो. त्याने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले, तर २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने ते पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. सगळेच गुप्त ठेवीन असे वचन अशा मुलाला देऊ नये. जे पाळता येणार नाही ते आधीच सांगावे.

आणि शेवटची गोष्ट मुख्याध्यापकांच्या खोलीत ठरते. निकाल आला, शंभरात बारा मुले गुटखा खातात असे कळले, की पहिला विचार येतो तो दप्तरे तपासण्याचा. 'ती बारा कोण?' असे विचारावेसे वाटते. हा प्रश्न एकदा जरी विचारला गेला तर पुढच्या वर्षी पेटीतून शून्य निघेल आणि गुटखा मात्र तेवढाच खाल्ला जाईल. विचारायचे ते असे: शाळेच्या फाटकापासून टपरी किती पावलांवर आहे? सहावीच्या मुलांशी हे कोण बोलते? गैरहजर मुलांच्या घरी कोण जाते? या प्रश्नांना नावे लागत नाहीत आणि त्यांची उत्तरे मिळवणे आपल्या हातात आहे.